पात्याची पुढची धार

पवनचक्की बघायला येणारा माणूस वाऱ्याबद्दल विचारतो. वारा किती असतो, कुठल्या महिन्यात जास्त, रात्री पडतो का, वादळात काय करता. मग बॅटरी आणि शेवटी खर्च. पात्यांबद्दल सहसा कोणी विचारत नाही. फिरत असली तर ती नीट दिसतच नाहीत, आणि थांबलेली असली तर १२ मीटर उंचीवर तीन पांढरे दांडे दिसतात. त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. माझं मत मात्र आता पक्कं झालं आहे की घरगुती पवनचक्की म्हणजे तिची पाती. जनित्र, वायरी, कंट्रोलर, बॅटरी हे सगळं बाजारात मिळतं, बदलता येतं, आणि बिघडलं की कुठेतरी लाल दिवा लागून कळतं. पाती काही सांगत नाहीत. ती हळूहळू झिजतात आणि वीज हळूहळू कमी होते, इतकी हळू की घरातल्यांना वाटतं, यंदा वाराच कमी आहे.

आमचं घर देवगड तालुक्यात, सड्यावर. खाली कातळ, भोवती हापूसची कलमं, पश्चिमेला समुद्र. या भागाला पवनचक्की नवी नाही. देशातल्या अगदी सुरुवातीच्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक १९८६ साली देवगडलाच उभा राहिला, आणि पुढे गिर्ये-विजयदुर्गच्या सड्यावरही चक्क्या आल्या. आम्ही घरापुरती बसवली ती गरजेपोटी. पावसाळ्यात लाइनवर फांदी पडली की दोन-दोन दिवस वीज नसते. छपरावर सौर पॅनेल आहेत आणि वर्षाचे आठ महिने ती घर निभावून नेतात. पण जुलैत आभाळ माडांच्या शेंड्यांवर टेकतं, आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, आणि नेमका त्याच दिवसांत नैऋत्येचा वारा अखंड वाहत असतो. पॅनेल आणि चक्की जोडीने लावण्याला कोकणात अर्थ आहे तो यामुळे.

चक्की लहान आहे. तीन पाती, व्यास तीन मीटर, क्षमता एक किलोवॅट. आंतरराष्ट्रीय मानकात २०० चौरस मीटरपर्यंतचा वारा पात्यांखाली घेणारं यंत्र लहान धरतात. आमचं सात चौरस मीटरवर संपतं. या सातांतला निम्म्याहून जास्त भाग पात्याच्या बाहेरच्या एक तृतीयांशाच्या वाट्याला येतो. साधं वर्तुळाचं गणित आहे. टोकाकडचा अर्धा मीटर फिरताना जवळजवळ चार चौरस मीटरचा पट्टा झाडतो, आणि आतला सगळा एक मीटर मिळून तीन. बुंध्याशी पातं रुंद आणि भरदार दिसतं खरं, पण कमाई होते ती टोकाकडच्या हातभर लांबीवर. झीजही तिथेच होते.

वारा सेकंदाला आठ मीटरचा असला की पात्याचं टोक त्याच्या सहा-सात पटीने धावतं, म्हणजे ताशी पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. वारा बारा मीटरवर गेला की अडीचशेच्या पुढे. या वेगाने जाणाऱ्या कडेसमोर आपला पाऊस येतो. पावसाचा मोठ्यात मोठा थेंबही आभाळातून सेकंदाला नऊ-एक मीटरनेच खाली येतो. तेव्हा थेंब पात्यावर पडतो असं म्हणण्यात अर्थ नाही. पातंच थेंबावर जाऊन आदळतं, आणि मृगापासून हस्तापर्यंत आदळत राहतं. समुद्रात उभ्या केलेल्या अजस्र चक्क्यांची पाती साठ-सत्तर मीटर लांब असली तरी त्यांच्या टोकाचा वेग आमच्या पात्याहून फार वेगळा नसतो. म्हणून त्यांना जो रोग होतो तोच आमच्या परसातल्या चक्कीला होतो. तिथे त्यासाठी दोरावर लोंबकळून काम करणारी तरबेज माणसं असतात. इथे घरच्यांनीच ते बघायचं.

या झिजेची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. धुऊन पुसलेल्या पात्याच्या पुढच्या धारेवरून अंगठा बुंध्याकडून टोकाकडे न्यावा. अर्ध्या लांबीपर्यंत गुळगुळीत, मग कुठेतरी बारीक खरखर सुरू होते. जेलकोट म्हणजे वरचा चकचकीत थर. त्याला पडलेली ती सूक्ष्म छिद्रं. तेवढ्यावर थांबवलं तर काम एका सकाळचं असतं. सोडून दिलं तर पुढच्या पावसाळ्यात छिद्रं एकमेकांना मिळतात, पापुद्रा सुटतो आणि खालची काचतंतूंची मॅट उघडी पडते. पांढऱ्या पात्यावर पिवळट, केसाळ पट्टा दिसू लागतो. मग उन्हाने रेझिन ठिसूळ होतं, तंतूंमधून पाणी आत जातं, आणि काम एका सकाळचं राहत नाही.

एवढीशी खरखर, तिने काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण पात्याचा छेद विमानाच्या पंखाचाच असतो. वारा त्याला नुसता ढकलत नाही. हवा पुढच्या धारेवर दुभंगते, फुगीर पाठीवरून चिकटून वाहते, आणि तशी वाहिली तरच ओढ तयार होते. धार खरखरीत झाली की हवा पाठीवरून लवकर सुटते. इलिनॉय विद्यापीठात मायकेल सेलिग यांच्या गटाने पात्याच्या नमुन्यांच्या कडा मुद्दाम वेगवेगळ्या प्रमाणात झिजवून विंड टनेलमध्ये तपासल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात थोड्या झिजेने वर्षाच्या विजेत पाच टक्क्यांच्या आसपास आणि फार झिजेने २५ टक्क्यांपर्यंत तूट येऊ शकते, असा हिशेब मांडलेला आहे. तो मोठ्या चक्क्यांचा आहे. आमच्यासारख्या छोट्या पात्यांना तो तंतोतंत लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण दिशा तीच. आणि पाच टक्के घरात कळत नाहीत, चौथा हिस्सा गेला की कळतं.

धारेवर फक्त पाऊसच येतो असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या चक्क्यांचं एक कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. वारा तोच, यंत्र तेच, आणि जोराच्या वाऱ्यात वीज कधी पूर्ण तर कधी जवळजवळ निम्मी. २००१ साली गुस्ताव कोर्टेन आणि हर्मन वेल्डकांप या दोघांनी 'नेचर'मध्ये त्याचं उत्तर दिलं: कीटक. वारा मंद असताना कीटक उडतात आणि पात्याच्या धारेवर चिरडून चिकटतात. मंद वाऱ्यात त्यांचा त्रास जाणवत नाही, पण वारा वाढला की तीच बुरशी चढल्यासारखी धार हवा बिघडवते. पाऊस आला की पाती धुऊन निघतात आणि वीज पूर्ववत होते. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मे महिन्याचा उलगडा झाला. वळवाची पहिली सर पडून गेली की संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळवीचे थवे उठतात. त्याआधी मोहोराच्या दिवसांत तुडतुडे असतात. आंबा बागायतदाराला तुडतुड्यांची ओळख करून द्यायला नको. शिवाय उन्हाळाभर दुपारी खारे वारे सुटतात, ते मीठ आणतात. त्या मिठावर सड्याची तांबडी धूळ बसते. मेच्या मध्यावर पातं खाली घेतलं की पुढच्या धारेवर हा सगळा थर बोटाच्या नखाने खरवडता येईल इतका जमलेला असतो.

तो काढायला गोडं पाणी, थोडा साबण आणि मऊ फडकं पुरतं. काथ्या नको, तारेची घासणी तर नकोच. आधी थर भिजू द्यावा. घाई केली की मिठाचे आणि मातीचे कण फडक्याखाली येऊन तेच जेलकोटवर ओरखडे काढतात. घरात कोणालाही हे काम करता येतं आणि माझ्या मते घरातल्या प्रत्येकाने ते एकदा तरी करावं, कारण पात्यावर हात फिरवल्याशिवाय पातं कळत नाही.

झिजेपेक्षा मला जास्त धास्ती असते ती आतून सुटलेल्या थराची. पातं वरून अखंड दिसतं, पण बहुतेक फायबरची पाती दोन कवचं एकमेकांना चिकटवून केलेली असतात, मध्ये फोम किंवा पोकळी. चिकटवलेली शिवण पुढच्या आणि मागच्या धारेवर येते. ती कुठे सुटली तर बाहेरून केसाएवढी रेघसुद्धा दिसेलच असं नाही. ते ओळखायची युक्ती मला होड्यांची डागडुजी करणाऱ्या एका कारागिराने दाखवली. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांवर फायबर चढलं, पुढे नव्या होड्या अख्ख्या फायबरच्या आल्या, आणि रेझिन-मॅटचं काम जाणणारी माणसं बंदराबंदरात तयार झाली. पवनचक्कीचं पातं त्यांनी हातात घेतलेलं नसेल, पण पातं ज्याचं बनलं आहे ते त्यांच्या रोजच्या हाताखालचं आहे.

त्याने खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं. पातं दोन पोत्यांवर आडवं ठेवलं आणि नाण्याच्या कडेने टोकापासून बुंध्याकडे टकटक करत निघाला, इंच-दीड इंचाच्या अंतराने. माठ घेताना टिचकी मारून पाहतात, तसंच ते. भरीव जागी आवाज टणक आणि आखूड येत होता. टोकापासून वीतभर आत आल्यावर तोच आवाज बसला. त्याने तिथे मागे-पुढे चार ठिकाणी वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "काकानू, हयसर पोकळ वाजता." मग पेन्सिलीने त्या जागेभोवती अंडाकृती रेघ ओढली. तिच्या मधोमध बारीक ड्रिलने भोक पाडल्यावर आतून पाण्याचा एक थेंब वर आला आणि तिथेच थरथरत राहिला.

पाणी आलं कुठून, ते शोधायला फार वेळ लागला नाही. पोकळ पात्याच्या टोकाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आत दमटपणाने जमलेलं पाणी फिरण्याच्या ओढीने टोकाकडे जातं आणि तिथून बाहेर पडतं. मीठ आणि धूळ मिळून ते भोक बुजतं. बुजलं की पाणी टोकातच साठतं, पातं एका बाजूला जड होतं, आणि ओली झालेली शिवण आतून सुटू लागते. तेव्हापासून गोधडीची जाड सुई आमच्या पात्यांच्या हत्यारांत असते.

"ह्येका आधी सुकाक व्हया," तो म्हणाला, आणि पातं उन्हात नाही, पडवीत, टोक खाली करून टांगायला लावलं. सुकायला किती दिवस लागतील ते त्याने सांगितलं नाही. रोज वजन करा आणि वजन उतरायचं थांबलं की मला बोलवा, असं सांगून गेला. स्वयंपाकघरातला वजनकाटा या कामाला चालतो. पातं दोन किलोच्या आसपास, काटा ग्रॅमचा. ही पद्धत मला फार आवडली. पातं सुकलं की नाही हे रंगावरून किंवा हात लावून ठरवायचं नाही, ते काट्यावर बघायचं.

पुढचं काम मी त्याच्या शेजारी बसून केलं. आधी सुटलेला भाग खरवडून काढायचा, जराही कीव न करता, टणक जागा लागेपर्यंत. मग भोवतीची कड पॉलिश पेपरने उतरती करायची. खड्ड्याला उभी भिंत राहिली तर नवा थर तिथूनच पुन्हा उचलतो. अॅसिटोनने पुसायचं आणि त्यानंतर तिथे बोट लावायचं नाही. मॅटचे तुकडे एकापेक्षा एक मोठे कापून, रेझिनमध्ये भिजवून, एकेक थर ब्रशने ठोकत बसवायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत हे काम छान होतं. पावसाळ्यात करू नये. दमट हवेत रेझिन वरवर सुकल्यासारखं दिसतं आणि हाताला चिकट लागत राहतं.

यापुढे होडीचं आणि पात्याचं काम वेगळं होतं. होडीला लांबी भरून घासली की गुळगुळीत झाली म्हणजे झालं. पात्याला गुळगुळीत पुरत नाही, आकार जसाच्या तसा यावा लागतो. पुढच्या धारेची गोलाई जरा चपटी झाली किंवा जरा टोकदार झाली तरी हवेला ते वेगळंच पातं आहे. म्हणून सुस्थितीतल्या पात्याचा त्याच अंतरावरचा छेद आधी जाड पुठ्ठ्यावर उतरवून साचा कापून घेतला. घासायचं, साचा लावायचा, दिव्याच्या उजेडात फट बघायची, पुन्हा घासायचं. कारागीर सुरुवातीला या साच्याकडे संशयाने बघत होता. दुपारनंतर तो माझ्याआधी साचा मागू लागला.

दुरुस्त झालेल्या धारेवर, आणि खरं तर दुरुस्तीची वेळ येण्याआधीच नव्या धारेवरही, पॉलियुरेथेनची पारदर्शक टेप लावावी. ही टेप मुळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यासाठी वापरात आली. ती रबरासारखी लवचीक असते, त्यामुळे थेंबाचा मार स्वतः सोसते आणि झिजली की सोलून नवी लावता येते. टोकाकडच्या निम्म्या लांबीला पुरते. तिन्ही पात्यांना सारख्या लांबीची लावायची, कडा दाबून बसवायच्या. कड उचलली की चक्की शीळ घालते. रात्री अंथरुणात पडल्या-पडल्या कळतं.

रेझिन, लांबी, रंग, टेप, सगळ्याला वजन असतं. मिनिटाला ३३० फेरे होत असताना मध्यापासून एक मीटरवरचे जादा ५० ग्रॅम सहा किलोच्या ओढीने चक्कीला एका बाजूला खेचतात, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. खांब थरथरतो, ताणांच्या तारांचे टर्नबकल सैल होतात, बेअरिंग गुरगुरू लागतं. लोक मग बेअरिंग बदलतात. म्हणून दुरुस्तीनंतर तिन्ही पाती वजन करून, मग हबवर बसवून, अख्खं चाक आडवं एका टोकदार सळीवर तोलायचं. जड बाजू आपण होऊन खाली जाते. समोरच्या बाजूला हबजवळ शिसं लावत जायचं, चाक पाण्यासारखं समतल राहीपर्यंत. शिसं आमच्याकडे शोधावं लागत नाही. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या बाजारात मिळतात, त्या ठोकून पट्टी होते. शेवटी टोकाटोकांमधली तिन्ही अंतरं मोजायची. आमच्या चाकाला ती २ मीटर ६० सेंटिमीटर यायला हवीत, सगळी सारखी. आणि एक काठी जमिनीत रोवून तिन्ही टोकं तिच्या जवळून एकाच अंतरावरून जातात ना, ते पाहायचं.

बुंध्याकडे झीज नसते, तिथे थकवा असतो. चक्की मिनिटाला ३०० फेरे घेत राहिली तर दिवसाला सव्वाचार लाखांहून अधिक फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात पात्याचं वजन बुंध्याला एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने वाकवतं. बोल्टच्या भोकांपासून निघणारा बारीक तडा ही सगळ्यांत गंभीर खूण. झिजलेली धार वीज खाते. तडकलेला बुंधा पातं सोडून देतो, आणि सुटलेलं पातं कुठे जाईल याचा नेम नाही. तिथे मी लांबी भरत नाही, रेझिन लावत नाही. बुंध्याला तडा गेलेलं पातं बाद. हबच्या पोलादी पट्टीचा संशय आला तर रॉकेल लावून, पुसून, वर खडूची पूड चोळायची. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत रेघ उमटवतं.

आतापर्यंत जे लिहिलं ते सगळं जमिनीवर होणारं काम आहे, आणि खरा मुद्दा तिथेच आहे. आमचा खांब आडवा करता येतो. बुडाशी बिजागरी, तिला काटकोनात जोडलेला दुसरा आखूड खांब, आणि हाताने फिरवायची विंच. पहाटे वारा पडलेला असताना आधी ब्रेकचा स्विच टाकायचा. त्याने जनित्राच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडल्या जातात आणि चाक जवळजवळ थांबतं. मग तीन-चार माणसांत खांब हळूहळू खाली येतो. विंचवर एक, ताणांवर दोन, आणि खांबाच्या वाटेत कोणीही नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा या बिजागरीची किंमत कळली. हवामान खात्याचे इशारे दोन दिवस आधीपासून येत होते. वारा अजून हलका होता तेव्हाच खांब खाली घेतला, पाती सोडवून पडवीत ठेवली, खांब कातळाला बांधून टाकला. वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं. कलमं मुळासकट उन्मळली, विजेचे खांब आडवे झाले, घरांची कौलं उडाली. बागेचं नुकसान भरून यायला वर्षं लागतात, त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण त्या अंधाराच्या दिवसांत सड्यावर जे घर उजेडात होतं ते आमचं होतं, आणि आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं फोन चार्ज करायला येत होती.

छोट्या चक्क्यांसाठी केंद्र सरकारची अनुदान योजना अनेक वर्षं होती. महाराष्ट्रात ती महाऊर्जामार्फत राबवली गेली. यंत्रांची चाचणी चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे होते. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण अनुदान मोजलं जाई ते किलोवॅटवर, म्हणजे यंत्र केवढं यावर. खांब खाली घेता येतो का, पाती सुटी मिळतात का, आणि गावापासून दिवसभराच्या अंतरात ती दुरुस्त करणारा कोणी आहे का, यावर एक पैसाही अवलंबून नव्हता. शाळांच्या आणि सरकारी इमारतींच्या गच्चीवर बंद पडलेल्या चक्क्या मी पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी जनित्र शाबूत असतं. एक पातं तडकलेलं किंवा नाहीसं झालेलं असतं, आणि खांब असा उभारलेला असतो की क्रेन आणल्याशिवाय वर हात पोचणार नाही. क्रेनचं भाडं पात्याच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून कोणीच काही करत नाही. हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं. यंत्रात दोष नसतो. ते माणसाच्या हाताबाहेर बसवलेलं असतं.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाची वस्ती आहे. तिथे गाडीरस्ता जात नाही. होडीने किंवा पायवाटेने जावं लागतं. तिथली घरं कित्येक दशकं वाऱ्यावर वीज करतात. ह्यू पिगट या गृहस्थांनी तिथेच राहून घरी करता येईल अशा चक्कीची पद्धत बसवली आणि पुस्तकांतून जगभर पोचवली. त्या पद्धतीत पाती लाकडाची, हाताने तासलेली. ज्याने पातं तासलं त्याला ते दुरुस्त करायला कोणाकडे जावं लागत नाही. लाकूड हे काही अडाणी काळाचं साहित्य नाही. अमेरिकेत जेकब्स बंधूंनी १९२०-३०च्या दशकांत शेतावरच्या घरांसाठी ज्या चक्क्या केल्या त्यांना स्प्रूस लाकडाची तीन पाती होती. दोन पात्यांची चक्की वाऱ्याबरोबर तोंड वळवताना हिसके देते, म्हणून ते तीन पात्यांवर आले. लाकडाला थकव्याने तडा जाणं फायबरपेक्षाही कमी, आणि निकामी झालेलं लाकडी पातं चुलीत जातं. फायबरचं बाद पातं कुठे टाकायचं हा प्रश्न जगात अजून नीट सुटलेला नाही. आमची दोन बाद पाती परसात, गड्यांच्या खोपीला टेकवून ठेवलेली आहेत.

म्हणून आता लाकडी पात्यांचा एक जादा संच करायचा घाट घातला आहे. वाडीतले सुतार शिवणीचं लाकूड सुचवतात. ते हलकं आहे, चांगलं मुरलेलं असलं तर वाकत नाही, आणि पटाशीला गोड जातं. वरून काय लावायचं यावर मात्र वाद चालू आहे. होडीवाला कारागीर म्हणतो, रेझिनचा एक थर द्या, पाणी शिरणार नाही. सुतार म्हणतात, उकळलेलं जवसाचं तेल, दर वर्षी दोन हात. मी सुतारांच्या बाजूचा आहे. फायबर चढवलेल्या जुन्या होड्यांची लाकडं थराखाली ओल धरून कुजलेली मी पाहिली आहेत, आणि ती उघडणाऱ्यांत तो कारागीरही होता. तेलाच्या पात्यावर तडा दिसतो. थराखाली तो दिसणार नाही. एवढं मात्र ठरलं आहे की तिन्ही पाती एकाच लाकडातून काढायची, म्हणजे वजन जुळवायला फार शिसं लागणार नाही. त्यासाठी दीड मीटरच्या वर लांब, सरळ रेषांची, एकही गाठ नसलेली फळी हवी. सुतार दोन ठिकाणी सांगून आले आहेत.